मे महिन्यातली मागणी

मलकापूर,
३ जुलै २०२५

व्याहीबुवा,

गीताबाईचा नमस्कार. पाकीट पाहून घाबरू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होती. पण मागच्या खेपेले मी ‘अश्विनीचा पाय मुरगळला’ म्हटलं आन तुम्ही ‘मग कापूस काय भावानं गेला?’ विचारलं. शारदाताई सांगत होत्या, कानातलं यंत्र फोनपाशी नेलं की शिट्टी मारते. तवा म्हटलं, लिहूनच पाठवावं. आधी चांगल्या पुस्तकी भाषेत दोन पानं लिहिली, तर ती माझीच मले कळेनात. आता आपल्या बोलीत लिहून राह्यली. तुम्ही नोकरीत खामगावले राहून गेले, समजून घ्याल.

काम असं आहे. अश्विनीचे बाबा गेल्यापासून आमची कापसाची जिनिंग मीच पाहते, हे तुमाले माहीत आहे. आता मलकापुरातल्या आम्ही नऊ जिनिंगवाल्यांनी मिळून एक संघ केला. तिकडे सुलतानपूरच्या अंगाले उन्हावर वीज करणारा प्रकल्प उभा राह्यला आहे, अर्कज्योत नावाच्या कंपनीचा. ते म्हणतात, एकेकटे येऊ नका, नऊ जण मिळून ठोकात वीज घ्या. तारा आहेत त्याच राहतील, दर मात्र उतरंल. संघाची अध्यक्ष मी. कशी झाली विचाराल, तर आठ माणसांले एकमेकांचं नाव चालत नव्हतं. माझं नाव कोणाच्या डोक्यातच नव्हतं, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायची तयारी कोणी करून आलं नव्हतं.

कराराचा मसुदा आला. बाकी सगळं समजलं, एका कलमापाशी गाडी अडली. जसंच्या तसं उतरवते:

‘खरेदीदाराची मागणी म्हणजे संघाच्या प्रत्येक सभासदाची मागील तीन वर्षांतील कमाल मागणी, अशा सर्व मागण्यांची बेरीज. ही मागणी वर्षाचे बारा महिने कायम राहील. तिच्या ऐंशी टक्के वीज खरेदीदाराने उचलली अथवा न उचलली तरी उचलली असे धरले जाईल.’

आमच्यातली सगळ्यात मोठी जिनिंग जानरावांची. ते म्हणतात, ‘वकिली भाषा अशीच राहते, मारा सही.’ मले मात्र ते ‘उचलली असे धरले जाईल’ टोचून राह्यलं. तुम्ही सारा जन्म विजेच्या खात्यात काढला. यात भ्यायसारखं काही आहे का, एवढं सांगा.

शारदाताईंले नमस्कार.

गीता वानखडे

---

पुणे,
९ जुलै २०२५

सौजन्यमूर्ती विहीणबाई,

तुमच्या पत्रानं माझी सकाळ सोन्याची केली. निवृत्त झाल्यापासून मला कोणी विजेबद्दल काही विचारत नाही. शारदा फक्त बिल भरलं का एवढंच विचारते.

भ्यायसारखं आहे का? विहीणबाई, पळून जाण्यासारखं आहे. आपल्या मुलांच्या लग्नात तुम्ही पंगती घातल्यात, म्हणून पंगतीवरूनच सांगतो. समजा, नऊ घरं तुमच्याकडे जेवायला आहेत. प्रत्येक घरानं तीन वर्षांत कधीतरी, कोणाच्या तरी हळदीला, आडवं होईपर्यंत खाल्लं होतं. तुम्ही प्रत्येक घराचा तो एकेक दिवस शोधून काढला आणि नऊ आकड्यांची बेरीज केली. आता आचारी म्हणतो, मी रोज एवढं रांधणार. रोज म्हणजे वर्षभर. जेवायला कोणी येवो न येवो, पातेलं तुमच्या नावावर.

यात दोन गफलती आहेत. पहिली, नऊ जिनिंग एकाच वेळी पूर्ण जोरात कधीच चालत नाहीत. एकाकडे कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात तेव्हा दुसऱ्याचा गाठी बांधायचा प्रेस थंड असतो. संघ म्हणून घेताय, तर संघाची एकत्र मागणी धरायला हवी, नऊ सुट्या मागण्यांची बेरीज नव्हे. एकत्र घेण्याचा फायदा असतो तो एवढाच, आणि तोच या कलमानं खाऊन टाकलाय. दुसरी गफलत तुम्हालाच जास्त ठाऊक. कापूस दसऱ्यानंतर येतो आणि चैत्रात संपतो. मे महिन्यात तुमच्या आवारात चिमण्यांखेरीज कोण असतं?

हा मसुदा लिहिणारा एक तर अडाणी असला पाहिजे किंवा लबाड. अडाणी असेल, तर त्याला नोकरीवर ठेवणारे लबाड. असल्या मागणीला मान्यता देऊ नका.

सोहमला विचारा म्हणणार होतो, पण तो नाशिकच्या कार्यालयात इतका बुडालाय की हल्ली फोनही आईलाच करतो. सरकारी खात्यात कामाचा डोंगर असतो, त्याला बोल लावत नाही. मीही तसाच होतो.

आपला,
गोपाळ ताकवले

---

मलकापूर,
१६ जुलै २०२५

व्याहीबुवा,

तुमचं पत्र मी संघाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. पंगतीपाशी सगळे हसले. मग हळूहळू हसू गेलं, कारण ज्याले त्याले आपापलं पातेलं दिसाले लागलं. जानराव तेवढे म्हणाले, ‘पुण्याचा माणूस फुकटात सल्ला देऊन राह्यला म्हणजे त्याच्यात काहीतरी गोम असन.’ मी म्हटलं, ‘माझे व्याही आहेत ते.’ तर म्हणे, ‘मग तर असनच.’

घरी वेगळाच गोंधळ झाला. पत्र दिवाणावर उघडं राह्यलं आन आमच्या जाऊबाईंनी त्यातली एकच ओळ वाचली, असल्या मागणीला मान्यता देऊ नका. झालं! संध्याकाळी शेजारची बाई दारात. ‘काऊन हो, तुमच्या प्रेमले पुण्याची मागणी आली होती म्हणे, आन व्याह्यानंच मोडली?’ प्रेम, आमचा धाकटा, तुमाले माहीतच आहे कसा आहे. रात्री जेवता जेवता म्हणतो, ‘आई, पोरगी तरी दाखवायची होती.’ दोन दिवस त्याले विजेची मागणी समजावून राह्यली, त्याचा अजून विश्वास नाई.

असो. कंपनीच्या माणसाले तुमच्या दोन्ही गफलती सांगितल्या. पहिली त्यानं खाली मान घालून कबूल केली. दुसरीले म्हणतो, बंधन तर लागंल. एक सांगू का, तो लबाड नाई वाटत. पोरगा चांगला आहे. बोलतो खरं, जेवतोही नीट. ठेचा मागून घेतला दोनदा.

पुढे काय करू?

गीता वानखडे

---

पुणे,
२२ जुलै २०२५

विहीणबाई,

प्रेमची क्षमा मागा माझ्यातर्फे. मुलगी असती तर मी स्वतः घेऊन आलो असतो.

पण हे काय वाचतोय मी? समोरच्या पक्षाचा माणूस तुमच्या घरी येऊन ठेचा खातो? आणि मागून? चौतीस वर्षांत मी कंत्राटदाराच्या घरचं पाणी प्यायलो नाही. त्याला आधी ओट्यावर बसवा, मग चहा, तोही बिनसाखरेचा.

माझा सल्ला सरळ आहे. बंधनाचं कलमच काढून टाका. जेवढी वीज घेऊ तेवढीच घेऊ, एवढं एक वाक्य पुरे. तो हरकत घेईल, म्हणेल असं चालत नाही. तर त्याला म्हणावं, तुला यातलं कळत नसेल तर घरी जा आणि बापाला विचार.

आपला,
गोपाळ ताकवले

---

मलकापूर,
२८ जुलै २०२५

व्याहीबुवा,

हे पत्र तुम्ही बसून वाचा. शारदाताईंले जवळ बसवा.

तुमचं मागचं पत्र आलं तवा तो कंपनीचा माणूस माझ्या समोरच बसला होता. पाकिटावरचं अक्षर पाहून त्याच्या हातातला घास तसाच राह्यला. मी पत्र वाचलं, शेवटच्या ओळीपाशी आली आन मले हसू आवरंना. त्यानं कागद मागितला. मी दिला. त्यानं वाचलं. तोही हसला. मग खिडकीकडे पाहत बसला.

तो आपला सोहम आहे, व्याहीबुवा.

सरकारी नोकरी सोडून त्याले वर्ष होत आलं. अर्कज्योतीत तो लागला, आन आमच्या नऊ जिनिंगांचा करार हे त्याचं पहिलं स्वतःचं काम. अश्विनीले माहीत आहे. शारदाताईंलेही. मले त्यानं हात जोडून सांगितलं होतं की एवढ्यात बाबांले कळू देऊ नका. जावई हात जोडते तवा सासूनं काय करावं, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाई. मी हो म्हटलं. पण तुमाले पत्र लिहू नका, असं त्यानं कुठं म्हटलं होतं? मले कलम समजून घ्यायचं होतं, आन समजावणारा एकच माणूस मले माहीत होता.

मी त्याले विचारलं, ‘सोहमराव, इतकी चांगली नोकरी काऊन सोडली?’

म्हणाला, ‘आई, तिथं मी दुसऱ्यांच्या अर्जावर शेरे मारत होतो. माझ्या हातून काही उभं राहत नव्हतं.’

‘मग बाबांले तसं सांगायचं.’

‘सांगणार होतो. आधी एक काम करून दाखवतो, मग सांगतो, असं ठरवलं होतं. आणि पहिल्याच कामात नऊ जणांची बेरीज केली.’ कंपनीचा जुना नमुना होता, तोच त्यानं उतरवला. म्हणजे ना अडाणी, ना लबाड. नुसता घाईत होता.

पण एका गोष्टीले तो हलला नाई. म्हणाला, ‘बाबांचा दुसरा सल्ला मला पटत नाही. बंधनच काढलं तर प्रकल्पाला उभं राहायला जागाच उरत नाही. ऊन सगळ्यात कडक मे महिन्यात, आणि तेव्हा तुमची मशीनं बंद. ती वीज मी पोत्यात भरून ठेवू का?’

मले वाटते, हे बोलणं त्यानं माझ्याशी नाई, तुमच्याशी करायले पाहिजे. रागवायचं तर माझ्यावर रागवा. त्याच्यावर नका.

गीता

---

मलकापूर,
१९ ऑगस्ट २०२५

व्याहीबुवा,

राखी झाली, पोळा तोंडावर आला, तुमचं पत्र नाई. ठीक आहे. पण माझा संघ तुमचा रुसवा जायची वाट पाहत बसत नाई.

जानरावांले कुठून तरी कळलं की कंपनीचा माणूस माझा जावई आहे. कळणारच होतं, मीच आधी सांगायले पाहिजे होतं. आता ते दुकानोदुकानी म्हणून राह्यले की बाई जावयाचं घर भरून राह्यली. काल जिनिंगात दोघंजण आले, नजर खाली घालून म्हणाले, ‘वहिनी, आम्ही थांबतो जरा.’ कंपनीनं गणपतीनंतरची मुदत दिली आहे. वाईट कलमावर सही केली तर माणसं बुडतील आन ती माझ्या शब्दावर बुडतील. सही नाई केली तर सोहमरावांचं पहिलं काम हातचं जाईल. मी दोन्हीकडून अडकली आहे.

तुमच्या घरातली गोष्ट मी लपवली, त्याचा राग मले मान्य आहे. पण मी तुमाले एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर अजून अर्धंच आलं.

गीता वानखडे

---

पुणे,
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय गीताताई,

हे माझं पत्र, त्यांना न विचारता.

मलाही माहीत होतं म्हणून माझ्याशी अबोला धरलाय. चहा मात्र मागतात. म्हणजे मागत नाहीत, कप जरा पुढे सरकवतात. मी दोनदा तो कप तसाच परत सरकवला, तेव्हा ‘साखर कमी’ एवढं बोलले.

गेले तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ टेबलाशी बसून असतात. मला वाटलं, सोहमला काहीतरी तिखट लिहिताहेत. परवा ते अंघोळीला गेल्यावर पाहिलं, तर कागदावर उन्हाचे आलेख काढलेले. मार्चचं ऊन, एप्रिलचं ऊन, मेचं ऊन. म्हणजे पोराचं बोलणं डोक्यात शिरलंय, पण तोंडानं म्हणवत नाही.

काल मीच म्हटलं, ‘सोहमनं तुमच्यापासून लपवलं, ते वाईटच झालं. पण तो नोकरी सोडतो म्हणाला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात?’ यंत्र कानात होतं, तरी ऐकू न आल्यासारखं केलं. मग पंधरा-वीस मिनिटांनी आपणहूनच म्हणाले, ‘नाही म्हटलं असतं.’

दोन दिवसांत पत्र येईल बघा. अश्विनीचा पाय आता बरा आहे, कालच बोलले तिच्याशी.

तुमची,
शारदा

---

पुणे,
२५ ऑगस्ट २०२५

विहीणबाई,

उशीर झाला. मला वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतंय. नोकरी सोडल्याचं नव्हे. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होतो की माझा मुलगा माझ्याच खात्यात आहे, शेजारी, बँकेत, दाढी करणाऱ्यालासुद्धा. घरात तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की मी खोटं बोलतोय. एकट्या मलाच माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हालाही लागलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाची उरलेली अर्धी बाजू.

बंधन काढून टाका, हा माझा सल्ला चुकला. मी जन्मभर अशा खात्यात होतो ज्याच्याकडे राज्यभर गिऱ्हाईक होतं. एकानं वीज घेतली नाही तर दुसरा घेई. सुलतानपूरच्या प्रकल्पाला तसं नाही. त्यांनी उन्हाळ्यासाठी सौर पॅनल मांडायची आणि तुम्ही उन्हाळ्यात कुलूप लावून बसायचं, यात त्यांचा धंदा राहत नाही. बंधन हवंच. फक्त ते खरं हवं. ज्या महिन्यात जेवढी भूक, तेवढंच बंधन.

म्हणून कलम काढायचं नाही, मागणी बदलायची. संघाची एकत्र मागणी धरा, आणि ती महिन्यागणिक वेगळी लिहा. राहता राहिला मे. तुमच्याकडे असं कोणी आहे का, ज्याचं काम उन्हाळ्यातच जोर धरतं? कापूसवाला नको. कोणीही चालेल, पण मे महिन्यात वीज खाणारा हवा. असा एकजण संघात आला तर कंपनी ऐकेल.

मी हे विचारलं असं सोहमला सांगू नका.

गोपाळ ताकवले

---

मलकापूर,
९ सप्टेंबर २०२५

व्याहीबुवा,

सांगितलं. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. तुमची ती शेवटची ओळ मी पाळणार नाई, हे तुमालेही लिहिताना माहीत होतं.

आता ऐका. मे महिन्यात वीज खाणारा माणूस माझ्या जिनिंगाच्या भिंतीले भिंत लावून बसला होता आन मले दिसला नाई! धम्मरत्न, त्याचा बर्फाचा कारखाना आहे, मागच्या वर्षी शीतगृहही काढलं. उन्हाळ्यात नांदुऱ्यापासून इकडच्या सगळ्या लग्नांले, रसवंत्यांले बर्फ त्याचाच. मी गेली, कलम दाखवलं. पोरानं सगळं वाचलं आन म्हणाला, ‘ताई, मी तर कधीचा विचारणार होतो. पण तुमच्या संघात मला घेतील का?’

मी म्हटलं, ‘काऊन नाई घेणार?’ तो नुसता हसला. मले त्या हसण्याचा अर्थ बैठकीत कळला.

जानराव उभे राह्यले. ‘हा जिनिंगवाल्यांचा संघ आहे. तो आपल्यातला नाई.’

मी विचारलं, ‘आपल्यातला नाई म्हणजे, जिनिंगवाला नाई, असंच म्हणून राह्यले ना तुम्ही?’

दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. जानराव म्हणाले, ‘हाव, तेच.’

‘मग संघाचं नाव बदलू. वीज ग्राहक संघ. झालं?’

धम्मरत्न मागं बसला होता. त्यानं उठून शांतपणे सांगितलं की एप्रिल-मेमध्ये त्याचा कारखाना किती चालतो, आन पावसाळ्यात किती उतरतो. फुगवून नाई सांगितलं. ‘एकट्या माझ्यानं सगळा मे भरून निघणार नाही,’ तेही सांगून टाकलं. मग त्या दिवशी ‘आम्ही थांबतो’ म्हणणाऱ्या दोघांतल्या एकानं हात वर केला. मग दुसऱ्यानं. जानराव सोडून सगळ्यांचे हात वर झाले.

मी लगेच तिथंच सांगून टाकलं, ‘कंपनीचा माणूस माझा जावई आहे. मी आधी सांगितलं नाई, ही माझी चूक. आता करारावर तुमच्यातल्या दोघांनी आधी सही करायची, मी शेवटी करीन.’

सोहमराव दोन दिवस कंपनीच्या साहेबांशी भांडले. मे महिन्याचा आकडा आम्ही मागितला त्याहून थोडा जास्त राह्यला, बाकीची उन्हाळ्याची वीज कंपनी दुसरीकडे विकणार. त्यांनीही एक अट घातली. हंगामात कोणाचं मशीन कधी चालणार ते संघानं आधी कळवायचं, आन न कळवता बंद ठेवलं तर भुर्दंड ज्याचा त्यानं सोसायचा. यावरून जानराव बाहेर पडले. ‘माझं मशीन मी कवा चालवायचं हे मले कोणी सांगायचं नाई’ म्हणाले. मी दोनदा घरी जाऊन आली. त्यांनी चहा पाजला, पण आले नाईत. मले ते लागलं. अश्विनीचे बाबा गेले तवा पहिल्या हंगामात त्यांनीच आपले फिटर माझ्याकडे पाठवले होते.

नवीन कलम असं आहे: ‘संघाची मागणी म्हणजे सर्व सभासदांनी मिळून एकाच वेळी घेतलेली कमाल वीज. ती प्रत्येक महिन्यासाठी स्वतंत्र ठरवली जाईल.’ ‘एकाच वेळी’ हे शब्द सोहमरावांनी स्वतः घातले.

दसऱ्याले सह्या आहेत. तुम्ही दोघं या. नाई म्हणू नका, तिकिटं अश्विनीनं काढून ठेवली आहेत.

गीता

---

पुणे,
२७ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

आम्ही सुखरूप पोचलो हे शारदानं फोनवर कळवलंच. पण दसऱ्याच्या दिवशी तुमच्या आवारात एवढी माणसं होती की तुमच्याशी धड बोलता आलं नाही, आणि नंतरचं तर तुम्हाला ठाऊकच नाही. म्हणून लिहितोय.

तुम्ही सगळ्यांच्या शेवटी सही केलीत तेव्हा मी सोहमकडे पाहत होतो. तो तुमच्याकडे पाहत होता. धम्मरत्नानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तो असा दचकला की मला तो दहावीच्या निकालाच्या दिवशीचा दिसला. मी पुढे व्हायला हवं होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि मशीन बघायला निघून गेलो.

परतीच्या गाडीत तो मनमाडपर्यंत आमच्याबरोबर होता. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, आम्ही हवापाण्यावर बोलत होतो. मग शारदा वरच्या बाकावर जाऊन झोपली. झोप आली नव्हती तिला, मी ओळखतो.

सोहम म्हणाला, ‘बाबा, मी भीत नव्हतो तुम्हाला.’

‘मग?’

‘तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि तुम्ही नाही म्हटलंत की मलाही ते पटायला लागतं. म्हणून विचारलंच नाही.’

विहीणबाई, मी चौतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर ‘नामंजूर’ लिहिलं आणि कारण द्यायला कधी अडलो नाही. त्याला मी फक्त ‘चहा घेणार का?’ एवढंच विचारलं. चाळीसगाव आलं, चहावाला आला, आम्ही चहा घेतला. मनमाडला तो उतरला आणि खिडकीशी उभा राहिला. ‘दिवाळीला येऊ ना?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘स्वतःच्या घरी यायला विचारतोस काय?’ ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, कारण तेवढ्यात गाडी हलली.

पण आला. तो आणि अश्विनी, दोघंही आले. पाडव्याच्या सकाळी फराळ झाल्यावर त्यानं पिशवीतून नव्या कराराचा मसुदा काढला, कुठल्याशा डाळमिलवाल्यांचा. म्हणाला, ‘बाबा, बघता का जरा?’ मी चष्मा लावला. दुसऱ्याच कलमावर आमची जुंपली. तो म्हणे ‘मागणी’, मी म्हणे ‘गरज’. तो म्हणे गरज ही मनातली गोष्ट आहे, तारेतून जी वाहते ती मागणी. मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी हे शब्द लिहितोय. तो म्हणाला, म्हणूनच तुम्हाला ते दिसत नाहीत. शारदानं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा अश्विनीनं पानं वाढून आमचे कागद उचलून नेले. आम्ही वरणभातावरही भांडत होतो. एवढा आरडाओरडा आमच्या घरात कितीतरी वर्षांत झाला नव्हता. खालच्या मजल्यावरचे जोशी वर येऊन काय झालं म्हणून विचारून गेले.

ते दोघं नाशिकला निघाले तेव्हा मी पायऱ्या उतरून गाडीपर्यंत गेलो. सोहम स्टिअरिंगपाशी बसला होता. मी वाकून म्हटलं, ‘मागणीच बरोबर आहे. मी चुकलो.’

त्यानं इंजिन बंद केलं आणि गाडीतून उतरला.

आपला,
गोपाळ